बाळाला दिलेलं औषध आजोबांना का नाही?

पत्र, थोडक्यात:

माझ्या नणंदेचं बाळ मागच्या वर्षी तिसाव्या आठवड्यात जन्मलं. वजन जेमतेम तेराशे ग्रॅम. कण्हत होतं, श्वास घेताना छाती आत ओढली जात होती. डॉक्टरांनी 'आरडीएस' (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा श्वासाचा आजार) सांगितलं, नळीतून फुप्फुसात एक औषध सोडलं आणि काही तासांत ऑक्सिजन कमी करता आला. आज भाचा ठणठणीत आहे. आता माझे सासरे (वय ६४, उंची १६५ सेंटीमीटर, वजन ८२ किलो) न्यूमोनियानंतर सहा दिवसांपासून व्हेंटिलेटरवर आहेत. निदान 'एआरडीएस', म्हणजे दोन्ही फुप्फुसं एकदम निकामी होऊ लागण्याचा गंभीर आजार. नणंद रोज विचारते, माझ्या बाळाला दिलं ते बाबांना का देत नाहीत? तिला प्रसूतीआधी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली होती, बाबांनाही स्टेरॉइड चालू आहे. मग हे चालतं तर ते का नाही? मोठ्या माणसांना ते औषध दिल्यावर ऑक्सिजन सुधारला, असा एक शोधनिबंधही तिनं शोधून काढलाय. डॉक्टर म्हणतात, उपयोग नाही. त्यांनी सासऱ्यांना पालथं झोपवलंय, चेहरा सुजलाय, बघवत नाही. त्यात काल एका संशोधनासाठी संमतीपत्र पुढे केलं. माझे यजमान म्हणतात, बाबांवर प्रयोग करू देणार नाही. सही करायची का? आणि भाच्याला मोठेपणी हाच आजार होईल का?
– मध्ये अडकलेली सून

उत्तर:

तुमच्या नणंदेचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. नेमका हाच प्रश्न अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनाही पडला होता आणि उत्तरासाठी त्यांनी हजाराहून जास्त रुग्णांना चाचण्यांत घेतलं. निकाल निराशाजनक आला. तेव्हा डॉक्टर औषध हातचं राखून ठेवताहेत, ही शंका आधी घरातून काढून टाका. सासऱ्यांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांचं पुढे कसं होईल याबद्दल मी बोलणार नाही. पण नणंदेला काय सांगायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं नक्की सांगू शकते.

आधी भाच्याचं. फुप्फुसातल्या कोट्यवधी वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचा पृष्ठभाग सतत आक्रसायला बघतो आणि त्या ओढीनं श्वास सोडला की वायुकोश मिटायला लागतात. ते मिटू नयेत म्हणून वायुकोशातल्याच काही पेशी एक स्निग्ध द्रव्य बनवतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात; भाच्याला नळीतून दिलं ते हेच. गर्भात ते चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास बनू लागतं, पण पुरेसं व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे उजाडतात. तिसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाकडे ते फार कमी असतं. ते कण्हतं तेव्हा खरं तर स्वरयंत्र अर्धवट मिटून हवा आत धरून ठेवायची धडपड करत असतं. बाकी फुप्फुस कोवळं असलं तरी जखमी नसतं. एक वस्तू कमी असते, ती बाहेरून मिळाली की निभावतं, आणि थोड्याच दिवसांत बाळाच्या पेशी स्वतःच ती बनवू लागतात.

हे आज दोन ओळींत सांगता येतं, पण कळायला आणि कळलेलं वापरात यायला किती काळ गेला ते पाहा. फुप्फुसाच्या आक्रसण्यात या पाण्याच्या ताणाचा मोठा वाटा आहे, हे कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्येच दाखवलं होतं; कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९५९ मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी या आजारानं दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंटची उणीव असल्याचं सिद्ध केलं. कारण कळलं, उपाय मात्र नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो, म्हणजे तुमच्या भाच्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यालाही हाच आजार झाला; तो ३९ तास जगला. जगातला कुठलाही डॉक्टर बोलावू शकणाऱ्या बापाची ही गोष्ट. पुढे १९८० मध्ये जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांना दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि अमेरिकेत पहिलं सर्फॅक्टंट औषध मंजूर व्हायला १९९० उजाडलं.

नणंदेच्या इंजेक्शनांची हकिकत मला याहून आवडते. न्यूझीलंडमधले ग्रॅहॅम लिगिन्स प्रसूती कशी सुरू होते याचा मेंढ्यांवर अभ्यास करत होते. स्टेरॉइड दिल्यावर खूप आधी जन्मलेलं एक कोकरू, जे जगायलाच नको होतं, श्वास घेत असलेलं त्यांना आढळलं. त्यावरून त्यांनी रॉस हाउई यांच्याबरोबर २८२ मातांवर चाचणी केली. १९७२ मध्ये निकाल छापून आला: प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड दिलं की बाळाचं फुप्फुस लवकर तयार होतं. तरीही हा उपचार सरसकट वापरात यायला वीस-बावीस वर्षं गेली. संशोधनांचा एकत्र हिशेब मांडणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचं बोधचिन्ह म्हणजे याच विषयावरच्या चाचण्यांचा आलेख आहे. पुरावा टेबलावर पडून होता आणि बाळं दगावत होती, याची आठवण म्हणून. तेव्हा डॉक्टर मंडळी कधीकधी फार उशिरा हलतात, हा नणंदेचा संशय अगदीच निराधार नाही. सासऱ्यांच्या बाबतीत मात्र तो लागू पडत नाही.

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये डेव्हिड अ‍ॅशबॉ, थॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. कुणाला अपघात, कुणाला न्यूमोनिया, कुणाला पॅन्क्रियाजची (स्वादुपिंडाची) सूज. पण सगळ्यांना काही तासांत किंवा दिवसांत सारखीच धाप, ऑक्सिजन देऊनही न वाढणारी रक्तातली पातळी, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत पांढरे डाग. सात जण दगावले. शवविच्छेदनात वायुकोशांना आतून चिकटलेला काचेसारखा थर दिसला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत दिसायचा तसाच. आजाराला बाळांच्या आजारासारखं नाव मिळालं ते त्यावरून, आणि मोठ्यांनाही सर्फॅक्टंट द्यावं ही कल्पनाही तिथूनच निघाली.

पण मोठ्या माणसात गोष्ट उलट्या टोकाकडून सुरू होते. सासऱ्यांचं फुप्फुस पूर्ण वाढलेलं होतं, सर्फॅक्टंटही भरपूर होतं. न्यूमोनियानं आणि त्याला शरीरानं दिलेल्या प्रचंड प्रतिकारानं रक्तवाहिनी आणि वायुकोश यांच्यामधली भिंत झिरपू लागली. प्रथिनांनी भरलेलं पाणी आणि पांढऱ्या पेशी आत आल्या. त्या प्रथिनांनी होतं ते सर्फॅक्टंट निकामी केलं आणि ते बनवणाऱ्या पेशीही जखमी झाल्या. अशा वेळी बाहेरून नवं सर्फॅक्टंट घालणं म्हणजे छत गळत असताना फरशी पुसत बसणं. शिवाय प्रमाणाचा प्रश्न आहेच. बाळांना ते किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅम देतात. त्याच हिशेबानं साठ किलोच्या माणसाला सहा ते बारा ग्रॅम लागेल, तेही पाण्यानं भरलेल्या फुप्फुसाच्या कानाकोपऱ्यात पोहोचवायचं.

तरी प्रयत्न झाले. १९९६ मध्ये ७२५ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. सेप्सिसमुळे, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीरानं दिलेल्या बेफाम प्रतिसादामुळे, एआरडीएस झालेल्या या रुग्णांपैकी काहींना कृत्रिम सर्फॅक्टंट फवाऱ्यातून दिलं, बाकीच्यांना नाही. तीस दिवसांनी दोन्ही गटांत जगलेल्यांचं प्रमाण सारखंच निघालं, साधारण ६० टक्के. औषध वायुकोशांपर्यंत नीट पोहोचलंच नाही, अशी टीका झाली, आणि ती रास्त होती. म्हणून पुढे प्रथिनयुक्त, सुधारलेलं सर्फॅक्टंट थेट श्वासनळीत सोडून पाहिलं. २००४ मध्ये ४४८ रुग्णांचा निकाल आला: पहिल्या २४ तासांत ऑक्सिजन सुधारला, मृत्यू कमी झाले नाहीत. नणंदेनं काढलेला निबंध हा किंवा याच्यासारखा असावा. तिनं वाचलेलं वाक्य खरं असेल. तिला पुढचं वाक्य वाचायला सांगा.

मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा आणि माणूस जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आजाराच्या संशोधनानं पुन्हापुन्हा दाखवलंय. नायट्रिक ऑक्साइड हा वायू हुंगवला की ऑक्सिजन वाढतो. एआरडीएसमधले मृत्यू त्यानं कमी होत नाहीत. सगळ्यात मोठा धडा २००० सालचा. ८६१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला व्हेंटिलेटरनं तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मोठे श्वास दिले, किलोमागे १२ मिलिलिटर. दुसऱ्याला छोटे, किलोमागे ६ मिलिलिटर. पहिल्या दोन-तीन दिवसांत ऑक्सिजन मोठे श्वास मिळालेल्यांचा चांगला होता. आणि मेले तेच जास्त: ३९.८ टक्के, छोट्या श्वासांच्या गटात ३१ टक्के. खाटेपाशी उभं राहून मॉनिटरकडे बघणाऱ्या कुणीही मोठा श्वासच पसंत केला असता. मीसुद्धा.

असं का झालं, याचा उलगडा इटलीच्या लुचानो गातिनोनी यांच्या सीटी स्कॅनच्या अभ्यासातून होतो. एआरडीएसमध्ये अख्खं फुप्फुस कडक होत नाही. बराचसा भाग पाण्यानं भरून मिटतो आणि हवा खेळणारा जो उरतो तो जेमतेम पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढा असतो. ते त्याला 'बेबी लंग' म्हणतात. एवढ्याशा जागेत मोठ्या माणसाचा श्वास कोंबला की उरलेला चांगला भागही फाटतो, सुजतो.

म्हणून डॉक्टरांशी बोलाल तेव्हा सर्फॅक्टंटचा हट्ट सोडा आणि हे विचारा: बाबांना एका श्वासाला किती मिलिलिटर हवा देताय? हा हिशेब काट्यावरच्या वजनावर करत नाहीत. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस मोठं होत नाही. म्हणून उंची आणि लिंग यावरून अपेक्षित वजन काढतात. १६५ सेंटीमीटरच्या पुरुषाचं ते साडेएकसष्ट किलोच्या आसपास येतं, म्हणजे किलोमागे ६ प्रमाणे साधारण ३७० मिलिलिटर. ८२ किलोवर हिशेब केला तर ४९० होतील. थोडं इकडेतिकडे असेल तर त्याला कारणं असतात आणि चांगला डॉक्टर ती समजावून सांगेल. फुप्फुसातला दाब ३० च्या (सेंटीमीटर पाण्याच्या मापात) आत राहतोय का, हेही विचारा. तिसरा प्रश्न पाण्याचा, म्हणजे सलाइन किती जातंय आणि लघवी किती होतेय याचा. रक्तदाब सावरल्यावर सलाइनचा हात आखडता ठेवलेल्या रुग्णांचे व्हेंटिलेटरवरचे दिवस कमी होतात, हे २००६ मध्ये हजार रुग्णांच्या चाचणीत दिसलंय. आणि चौथा: रोज गुंगी कमी करून बघता का?

प्रश्न विचारताना परीक्षा घेतल्याचा सूर नको. एक गोष्ट त्या डॉक्टरांच्या बाजूनं सांगते. ५० देशांतल्या अतिदक्षता विभागांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एआरडीएस असलेल्या दर दहा रुग्णांपैकी चारांच्या बाबतीत उपचार करणाऱ्यांनी आजार ओळखलेलाच नव्हता. तुमच्याकडे निदान झालंय आणि पालथं झोपवलंय, म्हणजे माणसं जागी आहेत. त्याच पाहणीतली कटू गोष्टही लपवत नाही: मध्यम तीव्रतेच्या आजारात साधारण ४० टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. नणंदेला हे कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण यजमानांना ठाऊक असलं पाहिजे.

आता पालथं झोपवण्याचं. बघवत नाही हे मी समजू शकते. चेहऱ्यावर सूज येते, ओठ सुजतात, गालांवर दाबाच्या खुणा पडतात. त्यातलं बरंचसं उताणं केल्यावर उतरतं. दाबाच्या जखमा मात्र होऊ शकतात, म्हणून नर्सेस डोकं आणि हात ठरावीक वेळानं फिरवतात. उताण्या माणसात हृदयाचं आणि पोटाचं ओझं फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागावर पडतं आणि तोच भाग मिटतो. पालथं केलं की तो उघडतो, रक्तपुरवठाही तिथे भरपूर असतो. सुरुवातीच्या चाचण्यांत दिवसाला सहा-सात तास पालथं ठेवलं. ऑक्सिजन सुधारला, मृत्यू कमी झाले नाहीत. अनेकांनी तेव्हा हा उपाय निकालात काढला. मग फ्रान्समधल्या डॉक्टरांनी आजार तीव्र असलेले ४६६ रुग्ण निवडले आणि एका गटाला सलग किमान सोळा तास पालथं ठेवलं. २०१३ चा निकाल: २८ दिवसांत उताण्यांपैकी ३२.८ टक्के गेले, पालथ्यांपैकी १६ टक्के. या आजारात इतका फरक पाडणारं एकही औषध आजवर सापडलेलं नाही. तेव्हा 'बिचाऱ्यांना जरा उताणं करा' असं कुणी पाहुणा म्हणाला तर त्याला बाहेर चहाला घेऊन जा.

स्टेरॉइडबद्दल थोडक्यात. नणंदेला दिलं ते बाळाचं फुप्फुस पिकवायला. सासऱ्यांना देतात ते शरीराची आग, म्हणजे दाह, शमवायला. मोठ्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. दोन आठवडे उलटून गेल्यावर सुरू केलं तर उलट धोका वाढतो, असं २००६ मध्ये दिसलं. २०२० मध्ये मात्र स्पेनमधल्या २७७ रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लवकर दिल्यानं साठ दिवसांतले मृत्यू ३६ वरून २१ टक्क्यांवर आले, आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतही ते ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. म्हणजे इथे डॉक्टर पुरावा धरूनच चाललेत, जसे सर्फॅक्टंट न देण्यातही.

राहिलं संमतीपत्र, ज्यावरून घरात खरी धुसफूस आहे. यजमानांना सांगा की छोटा श्वास आणि पालथी निज, बाबांना आज मिळणारे दोन्ही उपचार, अनोळखी माणसांच्या नातेवाइकांनी अशाच कागदांवर सह्या केल्या म्हणून उभे राहिले. यावरून सही केलीच पाहिजे असं ठरत नाही. सही करण्याआधी समोर बसून विचारा: चाचणीत नसते तर बाबांना नेमकं काय मिळालं असतं, आणि चाचणीत घेतल्यावर त्यातलं काय कमी होणार? कुठल्या गटात जाणार हे कोण ठरवतं? ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं पाहिजे. 'नवीन औषध नक्की मिळेल' असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबा. दुष्परिणाम झाला तर खर्च कोणाचा, नीतिसमितीची (संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय ना हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी दाखवता का, मधेच बाहेर पडता येतं का? नाही म्हटलं किंवा मधेच बाहेर पडलात, तरी नेहमीच्या उपचारात तसूभर फरक पडता कामा नये, हा तुमचा हक्क आहे. सही कुणाची चालते ते कायद्यावर अवलंबून असतं; नीतिसमितीला विचारा. आणि बाबा शुद्धीवर आले की त्यांना स्वतःला पुन्हा विचारणार का, हेही विचारा. माझं मत विचाराल तर, उत्तरं सरळ मिळाली तर मी सही करेन, टोलवाटोलवी झाली तर कागद परत देईन. एआरडीएस हा एकजिनसी आजार नाही. २०१४ पासूनच्या अभ्यासांत त्याचे किमान दोन प्रकार दिसताहेत, एक फार आग असलेला आणि एक कमी, आणि एकच उपचार दोघांना वेगळा लागू पडतो. चाचण्यांशिवाय ही गाठ सुटणार नाही.

भाच्याची काळजी नको. त्याच्यात जे कमी होतं ते त्याचं शरीर आता स्वतः बनवतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पहिली काही वर्षं सर्दी-खोकला छातीत उतरण्याचं, घरघर होण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं. लसी वेळेवर द्या, घरात कुणी धूम्रपान करू नये, आणि इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाची डोळ्यांची नि कानांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

सासरे व्हेंटिलेटरवरून सुटले की घरातले सगळे फुप्फुसांकडेच बघत बसतील. कॅनडामध्ये एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. फुप्फुसांचं काम बहुतेकांत जवळजवळ पूर्ववत झालं, पण सहा मिनिटांत चालता येणारं अंतर पाच वर्षांनंतरही अपेक्षेच्या ७६ टक्केच होतं. अंथरुणावर शरीराचं मांस झडतं, ते परत यायला फार वेळ लागतो. मन खचतं ते वेगळंच. म्हणून फिजिओथेरपी खाटेवर असल्यापासून सुरू करायला सांगा, खाण्यातल्या प्रथिनांबद्दल आहारतज्ज्ञाला विचारा, आणि दोन महिन्यांनी जिना चढताना त्यांना धाप लागली तर घाबरून सीटी स्कॅनच्या मागे लागण्याआधी मांड्यांची ताकद किती उरलीय ते फिजिओथेरपिस्टला तपासायला सांगा.